बकेट सीट नेमकी किती खाली बसवावी?

गाडीत रेसिंगची बकेट सीट (म्हणजे अंगाला बाजूने धरणारी, एकसंध कवचाची सीट) बसवून घेणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे सीट शक्य तेवढी खाली असावी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्या वर्कशॉपमध्ये मी माझ्या जुन्या मारुती झेनचे काम करून घेतो, तिथे बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून येणाऱ्या हौशी मुलांचे हे मागणे मी नेहमी ऐकतो, आणि ‘किती खाली?’ असे विचारल्यावर ‘पत्र्याला टेकवून’ हेच उत्तर बहुधा मिळते. सीट खाली नेण्याला माझा विरोध नाही. माझीही सीट मूळ सीटपेक्षा बरीच खाली आहे. मात्र ती किती खाली जावी हे गाडीच्या तळाने ठरवायचे नसून चालवणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरवायचे असते, आणि शेवटचा इंच मिळवण्यासाठी गाडीच्या सांगाड्याला हात लावणे रस्त्यावरच्या गाडीत कधीही परवडत नाही, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे जरा विस्ताराने लिहावे म्हणून हा लेख.

खाली बसण्याचे समर्थन करताना बहुतेक जण गुरुत्वमध्याचे कारण पुढे करतात. कारण खरे आहे, पण त्याचे माप सहसा कोणी काढत नाही. समजा, गाडीचे वजन ७५० किलो आहे, चालकाचे ७५ किलो आहे आणि सीट ६० मिलिमीटर खाली नेली. ७५ गुणिले ६० म्हणजे ४५००. त्याला एकूण ८२५ किलोंनी भागले की उत्तर येते साधारण साडेपाच मिलिमीटर. छोट्या हॅचबॅकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास असतो असे धरले, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार या सगळ्या खटाटोपाने जेमतेम एक टक्क्याने कमी होतो. स्पर्धेच्या वरच्या पातळीवर तो एक टक्काही मोलाचा असतो, हे मान्य. आपल्यासारख्या हौशी माणसाला मात्र टायरमधल्या हवेचा दाब नीट ठेवल्याने याहून अधिक फायदा होतो. वजन वाचते असेही सांगितले जाते. फायबरग्लासचे कवच साधारण सात ते दहा किलोंचे असते, त्यामुळे मूळ सीटच्या मानाने ते हलके वाटते. परंतु त्याच्यासोबत येणारे लोखंडी ब्रॅकेट, रनर, तळाच्या पट्ट्या आणि बोल्ट एकत्र करून काट्यावर ठेवले, की वाचलेल्या वजनाचा मोठा भाग परत आलेला दिसतो.

मग सीट खाली का न्यायची? माझ्या दृष्टीने खरे कारण हेल्मेट हे आहे. झेनसारख्या १९९३ मध्ये आलेल्या, बुटक्या छताच्या गाडीत मध्यम उंचीचा माणूससुद्धा हेल्मेट घालून मूळ सीटवर बसला, तर त्याचे डोके छताला लागते किंवा लागायच्या बेतात असते. त्यात रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत लावलेला पाइपांचा सांगाडा, बसवलेला असेल, तर छताखालून जाणारा लोखंडी पाइप डोक्याच्या आणखी जवळ येतो, आणि धक्का बसल्यावर डोके कुठे जाईल याचा विचार केला तर हे अंतर ही निव्वळ सोयीची बाब राहत नाही. ताणलेल्या पट्ट्यांतूनही शरीर अपघातात बरेच वर आणि बाजूला सरकते, त्यामुळे स्थिर गाडीत बसून डोके छताला लागत नाही एवढ्यावर समाधान मानता येत नाही. म्हणजे सीट खाली नेण्याची मागणी मुळात डोक्यावरच्या जागेची मागणी आहे. दुसरे कारण असे, की कमरेला आणि बरगड्यांना बाजूने धरणाऱ्या कवचात माणूस खाली बसला की गाडीची मागची बाजू सुटू लागल्याचे त्याला लवकर जाणवते, आणि वळणावर स्टिअरिंगला लोंबकळून तोल सावरण्याची गरज राहत नाही. ही जाणीव आकड्यांत मांडता येत नाही, पण एकदा घेतली की मूळ सीट सोफ्यासारखी वाटू लागते.

खाली बसण्याची ही ओढ मुळात सर्किटवरच्या गाड्यांतून आली. १९६२ च्या लोटस २५ या फॉर्म्युला वन गाडीत चालकाला जवळजवळ आडवे निजवले होते, कारण गाडीचा पुढून दिसणारा आकार लहान ठेवायचा होता. तिथे रस्ता सपाट, प्रत्येक वळण पाठ आणि समोरून कोणी येण्याची शक्यता नाही. रॅलीची गोष्ट वेगळी असते. रॅलीच्या गाडीत नीट पाहिले तर सहचालकाची सीट चालकाच्या सीटपेक्षा खाली आणि मागे बसवलेली आढळते, कारण तो बराच वेळ मांडीवरच्या वहीतल्या नोंदी वाचत असतो आणि त्याचे वजन खाली नेणे परवडते. चालकाला मात्र चढावाच्या माथ्यापलीकडचे, वळणाच्या आतल्या कडेचे आणि समोरच्या दगडाचे दर्शन हवे असते, म्हणून तो तितका खाली जात नाही. ज्यांच्या गाड्या जांबोटीच्या आणि चोर्ल्याच्या घाटरस्त्यावरही चालणार आहेत, त्यांनी सर्किटपेक्षा रॅलीचा हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. पावसाळ्यात त्या घाटात धुके उतरले, की बॉनेटची कड दिसते की नाही यावर बरेच काही अवलंबून असते.

म्हणून मापे घेण्याची सुरुवात ब्रॅकेटपासून करू नये. मूळ सीट काढावी, मॅट उचलावी, कवच गाडीत ठेवावे आणि त्याच्याखाली लाकडाच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या सारून उंची कमी-जास्त करत बसून पाहावे. हे करताना अंगावर स्पर्धेचे बूट आणि हेल्मेट असावे, कारण चपला घालून आणि उघड्या डोक्याने घेतलेले माप नंतर उपयोगी पडत नाही. माझ्या गाडीच्या वेळी मिस्त्री बाहेर उभे राहून माझ्या डोळ्यांची पातळी काचेच्या कडेशी ताडून पाहत होते, आणि आतल्या पोराला कन्नडमध्ये ‘इन्ना स्वल्प म्याल’, म्हणजे अजून थोडी वर, असे पुन्हा पुन्हा सांगत होते. मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, ‘‘अण्णा, पत्र्यावर बसून रस्ता कुठनं बघतासा? डॅशबोर्डच बघत बसणार की.’’ त्यांचे म्हणणे योग्य होते. स्टिअरिंगच्या वरच्या कडेवरून आणि डॅशबोर्डच्या वरून नजर सरळ जावी, वेग आणि आरपीएमचे काटे स्टिअरिंगच्या आड जाऊ नयेत, दोन्ही बाजूंचे आरसे मान न ताणता दिसावेत, एवढे जमले की उंचीची खालची मर्यादा सापडली असे समजावे.

डोळ्यांनंतर पायांचा विचार करायचा. सीट जितकी खाली जाते तितके पाय आडवे होतात आणि पेडल समोरून दाबावे लागते. उंच बसून पेडल वरून खाली दाबण्याची सवय असलेल्या माणसाला हा फरक आरंभी अवघड जातो. क्लच पूर्ण दाबल्यावरसुद्धा गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा, नाहीतर ब्रेकवर खरा जोर देण्याच्या क्षणी पाय ताठ होतो आणि कंबर सीटवरून उचलली जाते. हातांसाठी जुनी खूण आहे: खांदे सीटला टेकलेले असताना हात सरळ पुढे केला, तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. सीट खाली नेल्यावर स्टिअरिंग छातीसमोर न राहता हनुवटीसमोर येते, ही तक्रार पुष्कळ जण करतात. ज्या गाड्यांत स्टिअरिंगचा कॉलम खाली-वर होतो तिथे ती सुटते. जुन्या गाड्यांत कॉलमच्या माउंटिंगला वॉशर लावून थोडा फरक पाडता येतो, परंतु धडकेत कॉलम छातीत न घुसता मोडावा अशी जी त्याची रचना असते, तिला त्या कामात धक्का लागू शकतो, त्यामुळे मी तरी तो मार्ग सुचवणार नाही. स्टिअरिंग खाली येत नसेल, तर सीट थोडी वर ठेवावी.

आता तळाकडे येऊ. बहुतेक छोट्या गाड्यांत मूळ सीटचे चार बोल्ट थेट तळाच्या पत्र्यात नसतात. दरवाज्याखालचा सिल (उंबरठा) आणि मधला टनेल (तळाच्या मधोमध लांबीने जाणारा उंचवटा) यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर असतात, तळापासून काही सेंटिमीटर उंच. सीटचे निदान पुढचे बोल्ट त्यांच्यावर येतात. बकेट सीट खाली जात नाही याचे मूळ इथे असते: कवचाचा बुडाचा भाग या क्रॉस मेंबरला अडतो, किंवा दोन क्रॉस मेंबरच्या मधल्या खळग्यात जायला रुंदी अपुरी पडते. इथेच कोणीतरी ग्राइंडर हातात घेतो. क्रॉस मेंबर फक्त सीट धरण्यासाठी ठेवलेला नाही. बाजूने धडक बसली, तर सिलवर आलेला जोर टनेलमार्गे पलीकडच्या बाजूला नेण्याचे काम तो करतो, आणि तो कापलेल्या गाडीत दार आत येताना अडवणारे फारसे काही उरत नाही. पूर्ण रोल केज वेल्ड केलेल्या, फक्त स्पर्धेसाठी ठेवलेल्या गाड्यांत तो काढून त्याऐवजी सिलपासून टनेलपर्यंत नवे पाइप वेल्ड करतात. तिथे केज तो भार घेते. आठवड्याला भाजीबाजारात जाणाऱ्या गाडीत असे करण्याला माझ्या मते काहीही समर्थन नाही.

क्रॉस मेंबर न कापताही बरीच उंची मिळवता येते, फक्त ती कुठे वाया जाते हे शोधावे लागते. सगळ्यात मोठा चोर रनर असतो. पुढे-मागे सरकण्याची सोय देणारे दुहेरी रनर वीस ते पंचवीस मिलिमीटर उंची खातात, आणि त्यात थोडी ढिलाईही असते. गाडी एकट्याने चालवायची असेल, तर रनर काढून सीट कायमची पक्की करावी; घरात दोघे-तिघे चालवणारे असतील, तर रनर ठेवून ती उंची सोडून द्यावी. दुसरी जागा ब्रॅकेटमध्ये असते. बुडाशी बोल्ट असलेल्या सीटला खाली स्वतंत्र चौकट लागते आणि ती उंची वाढवते. बाजूने बोल्ट असलेल्या सीटला मात्र दोन्ही बाजूंनी उभे एल आकाराचे ब्रॅकेट लागतात, त्यामुळे कवचाचे बूड ब्रॅकेटच्या मधोमध तळाच्या अगदी जवळ झुलत ठेवता येते. म्हणून सीट खाली न्यायची असेल, तर बाजूने बोल्ट होणारे कवचच घ्यावे. या ब्रॅकेटांना वेगवेगळ्या उंचीवर बरीच भोके असतात, आणि पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा थोडी वर ठेवण्याचे काम त्यांच्यामुळेच जमते. पुढची कड वर असली की मांडीला आधार मिळतो आणि ब्रेक दाबताना शरीर पुढे घसरत नाही. शिवाय एकसंध कवचाला पाठीचा वेगळा कोन नसल्यामुळे पाठ किती मागे झुकेल तेही याच फरकावर ठरते. खाली बसण्याच्या नादात मागची बाजू फार खाली नेली, तर माणूस मागे रेलतो, मान पुढे काढून रस्ता पाहतो आणि अर्ध्या तासात मानेला कळ लागते.

कवच आणि तळ यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा हवी. फायबरग्लासला धक्क्यात लवचिकपणे वाकावे लागते, आणि ते पत्र्यावर टेकलेले असेल तर खड्ड्यातला प्रत्येक दणका मणक्याला पोचतो. आपल्याकडच्या रस्त्यांचे वर्णन मी इथे करत नाही. खानापूर तालुक्यातल्या वाचकांना ते ठाऊक आहे.

ब्रॅकेट क्रॉस मेंबरच्या मूळ भोकांवर बसत असतील तर उत्तमच, कारण तिथे कंपनीने मजबुती दिलेली असते. एखादा बोल्ट नव्या ठिकाणी, थेट तळाच्या पत्र्यातून काढावा लागला, तर खरे काम तिथे सुरू होते. तळाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा किंवा त्याहूनही पातळ असतो. ७५ किलोंच्या माणसाला वीस जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, धक्का बसला, तर तो क्षणभर दीड टनाच्या भाराइतका जोर लावतो, आणि साध्या वॉशरवर घट्ट केलेला बोल्ट अशा जोरात पत्रा फाडून बाहेर येतो. समोरून धडक बसल्यावर चालकाला पट्टे धरतात, पण मागून आणि बाजूने बसलेला धक्का सीटच्या बोल्टांवरच येतो, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. मोटार स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संस्था एफआयए हिच्या नियमांतल्या परिशिष्ट ‘जे’मधल्या कलम २५३ मध्ये याचे माप दिले आहे, आणि स्पर्धा न खेळणाऱ्यानेही तेच माप पाळावे असे मला वाटते: प्रत्येक सीटला किमान चार ठिकाणी आधार, बोल्ट किमान ८ मिलिमीटर व्यासाचे, पत्र्याच्या खालून आधाराची प्लेट, प्रत्येक बोल्टमागे ब्रॅकेट, पत्रा आणि प्लेट यांचा किमान ४० चौरस सेंटिमीटर संपर्क, आणि ब्रॅकेट व प्लेट लोखंडी असेल तर जाडी किमान ३ मिलिमीटर, हलक्या मिश्रधातूची असेल तर ५ मिलिमीटर. ४० चौरस सेंटिमीटर म्हणजे साडेसहा सेंटिमीटर बाजूचा चौकोनी तुकडा. उद्यमबागेत असा तुकडा कापून मिळायला चहा पिण्याइतका वेळ लागतो आणि खर्च त्याहून फार जास्त येत नाही. तरीही लोक त्याऐवजी भंगारातला इंची अँगल वेल्ड करून घेतात, याचे मला आश्चर्य वाटते. प्लेटचे कोपरे गोल करून घ्यावेत, कारण टोकदार कोपरा जोर आल्यावर पत्रा कातरतो.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला पाहून घ्यावा. आकडा नसलेला बोल्ट कितीही चकचकीत असला तरी दुकानदाराला परत द्यावा. कवचाच्या बाजूला जिथे बोल्ट जातो तिथे आत धातूची नट बसवलेली असते. त्यात बोल्ट पुरेसा शिरला पाहिजे, पण इतका लांब नको की तो टोकाला टेकेल आणि घट्ट झाल्यासारखा वाटूनही ब्रॅकेट सैल राहील. ८.८ ग्रेडच्या ८ मिलिमीटर बोल्टाला सुमारे २५ न्यूटन मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) पुरतो. लांब पाना लावून अंगातला सगळा जोर काढणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांगावे लागते, कारण जास्त घट्ट केल्याने फायबरग्लासमधली नट फिरून सुटते आणि मग कवचच टाकून द्यावे लागते. तळाच्या बाजूला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेली, आपोआप सैल न होणारी) वापरावी, आणि ती एकदा सोडली की नवी घ्यावी.

ड्रिल लावण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहणे हे एवढे साधे काम आहे, की ते लिहितानाही संकोच वाटतो. पण ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि सायलेन्सरचा पाइप कित्येक गाड्यांत सीटच्या अगदी खालूनच जातात. वरून मॅटखाली वायरिंगचा जुडगाही असतो. भोक पाडल्यावर उघड्या पडलेल्या कडेला प्रायमर, त्यावर रंग, मग प्लेट, आणि प्लेटच्या भोवती सांधा बुजवणारा सीम सीलर, हा क्रम मोडू नये. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने लाल चिखल तळाला चिकटून राहतो, आणि रंग न लावता बसवलेली प्लेट दोन-तीन पावसाळ्यांत पत्र्याला गंज देते. मग ४० चौरस सेंटिमीटर लोखंड खाली असते, पण ते ज्याला धरून राहायचे तो पत्रा उरत नाही.

सीट खाली गेली की पट्ट्यांची सगळी भूमिती बदलते, आणि या बाबीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मूळ सीटबेल्टचे वरचे टोक मधल्या खांबावर एका ठरावीक उंचीवर असते. माणूस साठ-सत्तर मिलिमीटर खाली गेला, की खांद्याच्या मधून जाणारा पट्टा मानेकडे सरकतो. अनेक गाड्यांत बेल्टचे कुलूप मूळ सीटच्या चौकटीलाच जोडलेले असते. सीट काढली की ते निराधार होते, आणि त्याला तळावर, तितक्याच मजबुतीने, नवी जागा द्यावी लागते. बकेट सीटचे मांड्यांजवळचे उंच पंख ही तर आणखी मोठी अडचण आहे. कमरेचा पट्टा त्यांच्यावरून ओढून घेतला, तर तो ओटीपोटाच्या हाडावर न टेकता पोटावर हवेत ताणलेला राहतो, आणि धडकेत माणूस त्याच्याखालून घसरतो. कवचाला बाजूला पट्ट्यासाठी भोके असतील, तर पट्टा तिथूनच आत घ्यावा. ती नसतील, तर ती सीट मूळ बेल्टबरोबर वापरू नये.

स्पर्धेचा हार्नेस, म्हणजे दोन्ही खांदे आणि कंबर बांधणारे अनेक टोकांचे पट्टे, बसवायचा असेल तर खांद्याचे पट्टे पाठीमागे जवळजवळ आडवे जायला हवेत. एफआयएच्या नियमात ते आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत असे म्हटले आहे, आणि १० अंशांच्या आत ठेवण्याची शिफारस आहे. याचे कारण सरळ आहे: मागच्या सीटच्या जुन्या बेल्टच्या बोल्टाला, म्हणजे पार खाली, हे पट्टे बांधले, तर धडकेत ते खांदे खाली दाबतात आणि सगळा भार मणक्यावर येतो. म्हणून मागे आडवा बार लागतो. त्या बारची उंची सीट ठरल्यावरच नक्की करावी, कारण आधी वेल्ड केलेला बार सीट खाली गेल्यावर खांद्यांच्या वर राहतो. मांड्यांमधून येणारा पट्टा नसलेला चार टोकांचा हार्नेस पुष्कळ जण दिसायला छान म्हणून घेतात. त्यात खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर खेचला जातो आणि तो पुन्हा पोटावर येतो. पाच किंवा सहा टोकांचाच हार्नेस घ्यावा.

सीटच्या निवडीबद्दल थोडक्यात. स्पार्को, ओएमपी, रेकारो, कोब्रा, ब्राइड ही नावे सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यांच्या नकला त्याहून जास्त माहीत आहेत. अस्सल स्पर्धेच्या सीटवर एफआयएचे लेबल असते: ८८५५-१९९९ या मानकाची सीट तयार झाल्यापासून पाच वर्षे वैध असते, ८८६२-२००९ या अधिक कडक मानकाची दहा वर्षे. मुदत संपलेल्या सीट इकडे कमी किमतीत येतात. त्या घरच्या हौसेसाठी घ्यायला हरकत नाही, पण कवच उन्हात पाठीमागून आणि बुडाकडून बारकाईने पाहावे. जेलकोटवरची (कवचाच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरची) पांढुरकी रेघ म्हणजे एखाद्या अपघाताची खूण असू शकते. आणि कंबरेचे माप घेतल्याशिवाय सीट मागवू नये. तळाशी जागा असूनही टनेल आणि सिल यांच्यात रुंदीला जागा नसल्याने सीट वरच अडकून राहते, असे प्रकार सीट खाली न जाण्यामागे क्रॉस मेंबरइतकेच आढळतात.

ज्यांच्या गाडीत सीटच्या कडेला एअरबॅग आहे, किंवा सीटखाली पिवळ्या आवरणाची, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेची, वायर जाते, त्यांनी हा उद्योग करूच नये असे मी म्हणेन. बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्या वायरला हात लावणेही धोक्याचे असते. कायद्याचे म्हणाल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद कडकपणे उचलून धरली. सीमाभागात राहणाऱ्याला यात आणखी एक अडचण असते: ‘केए-२२’ची, म्हणजे बेळगावच्या नोंदणीची, गाडी शिनोळीला महाराष्ट्रात शिरते आणि चोर्ल्याला गोव्यात, त्यामुळे आपल्या गावच्या पोलिसाला पटलेली गोष्ट पुढच्या नाक्यावरच्या पोलिसाला पटेलच असे नाही. मी स्वतः मूळ सीट, तिचे बोल्ट आणि मूळ बेल्ट जपून ठेवले आहेत, आणि घरच्यांना घेऊन पंढरपूरला किंवा कोल्हापूरला जायचे असेल तेव्हा आदल्या दिवशी तेच परत बसवतो. बहुतेक बोल्ट मूळ भोकांवर ठेवल्याचा हा फायदा: अदलाबदल एका पान्याच्या कामावर निभावते. आईला त्या कवचातून बाहेर काढण्यापेक्षा हे नक्कीच सोपे आहे.

बसवून झाल्यावर काम संपत नाही. प्रत्येक नटेवर आणि शेजारच्या प्लेटवर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे नट जरा जरी फिरली तरी रेघ तुटलेली दिसते. पहिले शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर टॉर्क रेंच लावून एकदा तपासावे, कारण नव्या रंगाचा थर दबून बोल्ट थोडे सैल होतात. खराब रस्त्यावरून आल्यानंतर ब्रॅकेटच्या वळणाच्या कोपऱ्यात तडा गेला आहे का ते बोटाने चाचपून आणि टॉर्च लावून पाहावे. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये तडे आधी तिथेच जातात, म्हणून मी लोखंडी ब्रॅकेटचे जास्तीचे दीड-दोन किलो आनंदाने वाहतो. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की मॅट काढून, गाडी खालून धुऊन, सीम सीलर जिथे सुटला असेल तिथे पुन्हा भरून घ्यावा. माझ्या गाडीत तो मागच्या उजव्या प्लेटपाशीच दरवर्षी सुटतो, कारण पुढच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथे येऊन आदळतो, आणि यंदा त्या प्लेटसमोर रबराचा एक छोटा मडफ्लॅप लावायचे मिस्त्रींनी सुचवले आहे.